लेकीच्या उपचारासाठी शेत विकावं का?

पत्र :
माझी मुलगी आठ वर्षांची आहे. महिनाभर ताप येत-जात होता. अंगावर निळे डाग दिसायला लागले म्हणून तालुक्याला दाखवलं, तिथून सोलापूरला पाठवलं. रक्ताचा कॅन्सर निघाला. अकरा दिवसांत खासगी दवाखान्यात एक लाख चाळीस हजार गेले, त्यातले साठ हजार नणंदेनं दागिने मोडून दिले. आता डॉक्टर म्हणतात, मुंबईला टाटाला न्या. मिस्टर दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहेत. दीड एकर शेत सासऱ्यांच्या नावावर आहे, रेशन कार्ड केशरी आहे. गावातला एक जण तीन लाख द्यायला तयार आहे, पण शेताचं खरेदीखत करून द्या म्हणतो. भाचा म्हणतो, मोबाइलवर तिचा फोटो टाकून पैसे गोळा करू. आम्ही आजवर कुणापुढे हात पसरला नाही. काल रात्री मुलीनं विचारलं, "आई, माझ्यामुळे आपलं शेत जाणार का?" मला काही बोलता आलं नाही. काय करू?
– एक आई, सोलापूर जिल्हा

ताई,

खरेदीखतावर सासऱ्यांची सही होऊ देऊ नका. आजही नाही आणि या महिन्यातही नाही. बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण एवढं आधी घरी सांगा.

कर्जाला तारण म्हणून खरेदीखत करून घेणं ही खासगी सावकारीतली फार जुनी चाल आहे. कागदावर ती विक्री असते, कर्ज नसतं. "पैसे फेडले की जमीन परत" हे फक्त तोंडी राहतं. महाराष्ट्रात सावकारीला परवाना लागतो. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे, बेकायदा सावकारीतून गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आत असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून परत मिळवता येते. पण तो लढा वर्षानुवर्षं चालतो, आणि तुमच्याकडे आत्ता त्यासाठी ना वेळ आहे ना ताकद. सही झालीच नाही तर लढायची वेळच येणार नाही.

मी बावीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. इतक्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आणि दर वेळी जीव तुटला. लोक आधी सगळं विकतात, कर्ज काढतात, दागिने मोडतात आणि हातात काही उरलं नाही की मग आमच्या टेबलापाशी येतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण झालेला खर्च परत देणारं जवळजवळ कुणी नाही. मुख्यमंत्री सहायता निधीत भरलेल्या बिलाची प्रतिपूर्ती होत नाही. पंतप्रधान राष्ट्रीय सहाय्यता निधीतूनही मदत पुढच्या उपचारासाठी मिळते आणि ती थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. सरकारी आरोग्य योजना तर मुळातच रोकडरहित आहे, म्हणजे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, थेट रुग्णालयाला जातात. म्हणून आधी मागायचं आणि उरेल तेवढंच भरायचं. आपल्याकडची माणसं याच्या नेमकं उलट करतात, लाजेपोटी.

तुमचे एक लाख चाळीस हजार गेले ते गेले. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. लेकीला ताप आणि अंगावर डाग, अशा वेळी कुठली आई आधी योजना शोधत बसेल? फक्त मुलगी अजून सोलापुरातच दाखल असेल तर डिस्चार्जच्या आधी दोन चौकश्या करा. त्या दवाखान्यात महात्मा फुले योजनेचं टेबल आहे का, आणि तो दवाखाना एखाद्या ट्रस्टचा, म्हणजे धर्मादाय आहे का? धर्मादाय असेल तर राहिलेल्या बिलाचं बोलणं करता येतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता मुख्य आधार. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. पूर्वी हिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, २०१७ मध्ये ते बदललं. आज ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडलेली आहे. वर्षाला एका कुटुंबाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशन कार्ड चालतं, म्हणजे तुमचं केशरी कार्ड आहेच. कॅन्सरचं केमो यात बसतं आणि टाटा रुग्णालय या योजनेत आहे. मात्र हे पाच लाख कुटुंबाचे आहेत, एकट्या मुलीचे नाहीत, आणि वर्षाचे आहेत. घरात दुसऱ्या कुणाचं ठरलेलं ऑपरेशन असेल तर त्याचाही हिशेब यातच धरा.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल झालेल्या दिवशीच त्याला भेटा. मंजुरीसाठी कागद तोच पुढे पाठवतो. योजनेत मंजूर झालेल्या उपचारासाठी कुणी पैसे मागितले तर १५५३८८ या नंबरवर तक्रार करा. आयुष्मानची चौकशी १४५५५ वर होते.

इथे हमखास अडतं ते एका साध्या गोष्टीवर : मुलीचं नाव रेशन कार्डात चढवलेलंच नसतं. मुलगा-मुलगी शाळेत जायला लागतात, कार्ड मात्र लग्नानंतर काढलं तेव्हाचंच. आजच कार्ड उघडून बघा. नाव नसेल तर जन्माचा दाखला हाताशी ठेवा, आरोग्यमित्राला तसं सांगा आणि तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव चढवायचा अर्ज घरच्या कुणालातरी लगेच करायला लावा. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबरही काढून घ्या. आधारवरचं आणि कार्डवरचं नाव एकसारखं आहे का तेही बघा. एका काना-मात्रेसाठी माणसं दोन-दोन दिवस खिडकीवर उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

उत्पन्नाचा दाखलाही सासऱ्यांना किंवा दिरांना तहसीलमधून काढायला सांगा, तुम्ही मुंबईला निघण्याआधी. मुंबईत गेल्यावर त्या एका कागदासाठी परत गावी येणं म्हणजे मिस्टरांचे तीन दिवसांचे पगार आणि जाण्यायेण्याचं भाडं.

टाटाला पोचल्यावर नोंदणीच्या वेळी एक निर्णय घ्यावा लागतो. तिथे जनरल आणि प्रायव्हेट असे वर्ग असतात. घाबरलेले आई-बाप "लेकरासाठी चांगलं ते हवं" म्हणून प्रायव्हेटमध्ये नाव घालतात. ताई, जनरलमध्येच घाला. डॉक्टर तेच, केमो तेच. फरक आहे तो शुल्कात. जनरल वर्गात खर्च पुष्कळ कमी पडतो आणि मदतीचे अर्जही तिथूनच सोपे होतात.

पहिल्याच भेटीत मुलांच्या विभागातल्या मेडिकल सोशल वर्करला भेटायचं आहे असं सांगा. टाटामध्ये कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांसाठी इम्पॅक्ट फाउंडेशनचं काम चालतं. औषधांच्या खर्चापासून राहण्याची सोय, जेवणखाण, समुपदेशन इथपर्यंत त्यांची माणसं बघतात. तिथे बसून सगळं खरं सांगा. किती जमीन, किती कर्ज, कोण कमावतं, घरी कोण राहिलंय. काही लोक जमीन लपवतात, काही लोक कर्ज लपवतात. मी टेबलाच्या पलीकडे बसायचे तेव्हा माहिती खरी असली की मला चार दारं ठोठावता यायची. एक गोष्ट खोटी निघाली की चारही बंद व्हायची. दीड एकर कोरडवाहू जमीन असणं हा काही गुन्हा नाही.

आता ज्या खर्चाबद्दल कुणी बोलत नाही त्याबद्दल बोलते, कारण खरा घात तिथे होतो.

लहान मुलांमध्ये रक्ताचा जो कॅन्सर सर्वांत जास्त दिसतो, त्या एएलएलचा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतो. पहिले काही महिने कडक केमो आणि सतत रुग्णालय. नंतरचा मोठा काळ बहुतांशी घरी गोळ्या आणि ठरलेल्या तारखांना तपासणी. पूर्ण उपचार झालेली पुष्कळ मुलं बरी होतात. तुमच्या मुलीचा प्रकार नेमका कोणता आणि किती दिवसांचा, ते डॉक्टर सांगतील. पण काळ मोठा आहे हे आजच मनाशी धरा. पहिल्या पंधरा दिवसांत होतं-नव्हतं ते संपवून टाकणाऱ्या घराची खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या महिन्यात असते.

मला एक मुलगी आठवते, तुमच्या लेकीएवढीच. तिचं औषध पूर्ण फुकट होतं, एक रुपया लागत नव्हता. वडील दर वेळी खिशातून दुमडलेली तिकिटं काढून माझ्या टेबलावर ठेवायचे, हिशेब दाखवायला. जायचं भाडं, यायचं भाडं, खोलीचे पाच दिवस, बुडालेली मजुरी. चौथ्या महिन्यात ते आलेच नाहीत. आम्ही फोन केले तर म्हणाले, "मॅडम, आता तिचे केस आलेत, खेळतेय, बरी दिसतेय. पैसे जमले की येतो." सात महिन्यांनी आले तेव्हा आजार उलटला होता. त्या घराला औषधाच्या पैशानं नाही, गाडीभाड्यानं हरवलं. त्यांनी एकदा मोकळेपणानं सांगितलं असतं तर भाड्याची सोय मी त्याच दिवशी केली असती. तेव्हापासून मी प्रत्येक आई-बापाला पहिल्याच भेटीत विचारायचे, "पुढच्या खेपेचं भाडं आहे का?" तुम्हाला असं कुणी विचारलं नाही तर तुम्ही होऊन सांगा.

तर भाडं. कॅन्सरचा रुग्ण उपचारासाठी जात असेल तर रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं त्याचं तिकीट पूर्ण माफ असतं, आणि सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र रुग्णालयाकडून भरून घ्यावं लागतं. पहिल्याच खेपेला मागून घ्या.

राहणं. खोली भाड्यानं घेण्याआधी विचारा, की मुलीला परळला बोलावणार आहेत की टाटाच्याच खारघरच्या केंद्रात. लोक घाईघाईनं परळला अनामत भरतात आणि मग रोज खारघर गाठतात. कॅन्सर झालेल्या मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य राहायला देणारी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून मुंबईत आहे. तिथे स्वतःचं स्वतः शिजवता येतं, स्वच्छता कडक असते, आणि केमोच्या मुलांना जंतुसंसर्गापासून जपायचं तर ती फार महत्त्वाची. प्रवेश रुग्णालयाच्या शिफारशीनंच मिळतो, म्हणून पुन्हा सोशल वर्कर. तिथे जागा नसेल तर दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे. फुटपाथवर राहू नका. तसं राहणारी कुटुंबं मी पाहिली आहेत, म्हणून सांगते.

आणि रोख. केमो चालू असताना मुलीला ताप आला, अंग ३८ अंश सेल्सिअसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर गेलं, तर ते साध्या तापासारखं घ्यायचं नसतं. रात्री दोन वाजतासुद्धा निघावं लागतं. १०८ ची रुग्णवाहिका फुकट आहे, तरी चार-पाच हजार रुपये घरात वेगळे बांधून ठेवा आणि किराणा संपला तरी त्यांना हात लावू नका.

कडक टप्पा संपत आला की डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : पुढची काही इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या आमच्या जवळपास होतील का? बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. सगळ्याच गोष्टी तिथे होतील असं नाही, ते मुंबईचे डॉक्टर ठरवतील. पण वर्षात चार खेपा वाचल्या तरी मिस्टरांची नोकरी टिकेल. त्यांची नोकरी हाही उपचाराचाच भाग आहे असं धरा. दोघांनी मुंबईत बसून राहू नका. जाता जाता त्यांना विचारा, मालक पगारातून ईएसआयसी (कामगार विमा) किंवा पीएफ कापतो का? ईएसआयसी असेल तर कुटुंबाचा उपचार त्यात येतो. पीएफ असेल तर आजारपणासाठी काढलेली रक्कम परत भरावी लागत नाही.

योजनेचे पाच लाख पुरले नाहीत, किंवा एखादं औषध त्यात बसलं नाही, तरच पुढची दारं. मुख्यमंत्री सहायता निधी आणि वैद्यकीय मदत कक्षाकडे एक लाख साठ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार, तपासण्यांचे रिपोर्ट, रुग्णालयाचं मूळ खर्चाचं अंदाजपत्रक आणि दाखल रुग्णाचा जिओटॅग फोटो (ज्यात काढल्याचं ठिकाण नोंदलेलं असतं) लागतो. अंदाजपत्रक खासगी रुग्णालयाचं असेल तर सिव्हिल सर्जनकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. दुसऱ्या योजनेत बसणारा खर्च ते देत नाहीत, म्हणून क्रम पाळा. आता यासाठी मंत्रालयात चकरा मारायला नकोत, जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे. पंतप्रधान निधीचा अर्ज वेगळा. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखे न्यासही वैद्यकीय मदत देतात. या सगळ्यांना ते अंदाजपत्रक लागतं, तेव्हा त्याच्या एकापेक्षा जास्त सही-शिक्क्याच्या प्रती एकदम मागून घ्या.

धर्मादाय रुग्णालयांचं थोडक्यात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. निर्धन रुग्णाकडून दाखल करताना अनामत मागता येत नाही. रुग्णालय ऐकत नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्या. मोठ्या आवाजात भांडण्यापेक्षा शिक्का मारून घेतलेली अर्जाची पोच जास्त काम करते.

भाच्याला सांगा, त्याचा जीव तुटतोय हे दिसतं, पण आत्ता थांब. ऑनलाइन निधी वाईट नाही. मिलाप, केटोसारख्या ठिकाणांवरून लोकांना खरी मदत मिळाली आहे. पण ते शेवटचं दार ठेवा. पुढे उघडावं लागलं तर पैसे शक्यतो थेट रुग्णालयाच्या खात्यात जातील असं बघा, कुणाचं किती शुल्क कापलं जाणार ते आधी वाचा, आणि मुलीचा नळ्या लावलेला, केस गेलेला फोटो टाकू नका. उद्या ती बरी होऊन शाळेत जाईल, तेव्हा तो फोटो तिच्या वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवर असेल. भाच्याला आत्ता काही करायचंच असेल तर मुंबईत येऊन प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, दे म्हणावं. या उपचारात प्लेटलेट वारंवार लागतात. रक्तपेढी त्याची तपासणी करून देता येतील का ते सांगेल. चार धडधाकट मित्र तयार ठेवले तर ती मदत पैशापेक्षा मोठी आहे.

नातेवाईक "काही लागलं तर सांगा" म्हणतात आणि आपण "नाही, बरं आहे" म्हणतो. तसं करू नका. ज्याचं त्याला काम वाटून द्या. धाकटं लेकरू घरी असेल तर ते कुणाकडे राहणार, दर महिन्याचा फोनचा रिचार्ज कोण मारणार, तहसीलची कामं कोण करणार. नणंदेचे साठ हजार वहीत पहिल्या पानावर लिहा, तारखेसह. शंभर पानी वही घ्या, आलेला-गेलेला प्रत्येक रुपया त्यात. ही वही घेऊन तुम्ही कुठल्याही टेबलापाशी बसलात तर समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलेल.

हात पसरण्याचं म्हणाल, तर ज्या योजनांबद्दल लिहिलं त्यांतला बराचसा पैसा करातून आलेला आहे. तुम्ही काडेपेटी घेतली तरी त्यावर कर भरला आहे. आणि ज्यांनी न्यासाच्या पेटीत पैसे टाकले, ते कुठल्या तरी आजारी लेकरासाठीच टाकले. तुमचं लेकरू आजारी आहे.

इतर आईवडिलांचीही पत्रं आली आहेत, त्यांच्यासाठी दोन ओळी. जन्मापासून हृदयाला छिद्र किंवा इतर व्यंग असेल तर अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा, त्यातून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शस्त्रक्रिया मोफत होऊ शकते. एका वर्षाच्या आतल्या बाळाला सरकारी रुग्णालयात औषधं, तपासण्या, रक्त आणि ने-आण जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. दुर्मीळ आजारासाठी मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्राच्या धोरणातलं मान्यताप्राप्त केंद्र आहे, तिथे पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे.

शेवटी तुमच्या लेकीचा प्रश्न. आठ वर्षांच्या मुलीला सगळं ऐकू जातं. तुम्ही बाहेर व्हरांड्यात फोनवर बोलता, ती खाटेवर डोळे मिटून पडलेली असते आणि प्रत्येक आकडा ऐकते. सिस्टर सलाइनची बाटली बदलायला आली की माझ्या वॉर्डातली एक मुलगी तिला विचारायची, "ही केवढ्याची?" म्हणून यापुढे पैशाचं बोलणं तिच्या कानापासून लांब ठेवा. पण तिनं विचारलेलं तसंच सोडू नका. आज रात्री तिच्याजवळ बसा आणि सांगा, की शेत आजोबांच्या नावावर आहे, ते तिथेच राहणार आहे. औषधाचे पैसे सरकारकडून मागायचं काम आई-बाबांचं आहे, आणि तिचं काम फक्त गोळी गिळायचं. तिनं विचारलं, "नक्की ना?" तर वही उघडून पहिलं पान दाखवा.